साडेसहा गुणांचा इन्साफ

सवलत हा शब्द आपल्याकडे दोन सुरांत उच्चारला जातो. ज्याला ती मिळते तो आवाज खाली करून बोलतो, जणू कुणाच्या दारात उभा आहे. ज्याला ती द्यावी लागते, किंवा आपण ती देतो आहोत असे ज्याला वाटते, तो मात्र चारचौघांत मोठ्याने बोलतो. दोघांच्याही मनात एक गोष्ट गृहीत असते, की सवलत म्हणजे मेहरबानी. बलवानाने दुर्बलावर केलेले उपकार. हे गृहीत खरे आहे का? सवलत ही खैरात आहे की हक्क? आणि हक्क असेल तर तिचे माप कोणी आणि कसे ठरवायचे?

हा प्रश्न सरळ समाजाच्या अंगाने विचारला की लगेच राजकारण मध्ये येते, आवाज चढतात आणि विचार मागे पडतो. म्हणून आम्ही थोडी वाट वाकडी करून एका खेळाकडे जात आहोत. खेळात पणाला लागलेले थोडे असते, हिशेब स्वच्छ असतो आणि निकाल डोळ्यांसमोर दिसतो. त्यातही हा खेळ असा आहे, की त्याच्या खेळाडूंनी सवलतीच्या प्रश्नावर शेकडो वर्षे डोके झिजवले आहे.

चीनमध्ये या खेळाला वेइची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानमध्ये गो. जगभर 'गो' हेच नाव रूढ झाले. पटावर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा असतात. रेघा जिथे एकमेकींना छेदतात असे 361 बिंदू, आणि त्या बिंदूंवर ठेवायचे काळे व पांढरे खडे. यात राजा नाही, वजीर नाही, प्यादे नाही. सगळे खडे सारख्याच किमतीचे. एकदा ठेवलेला खडा हलवता येत नाही. शत्रूने चारी बाजूंनी कोंडला, श्वासाला एकही मोकळा बिंदू उरला नाही, तरच तो उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त मुलूख वेढला तो जिंकला. हरणाऱ्याचाही पटावर मुलूख असतो, फक्त थोडा कमी. बुद्धिबळात राजा पडतो आणि सारे संपते. इथे दोघेही पटावर नांदत असतात. 'वेइची' या शब्दाचा अर्थच मुळी वेढा घालण्याचा खेळ असा आहे.

दंतकथा सांगते की याओ नावाच्या सम्राटाने आपल्या उनाड मुलाला वळण लावण्यासाठी हा खेळ निर्माण केला. दंतकथा बाजूला ठेवली तरी खेळ फार जुना आहे हे खरेच. 'झुओझुआन' या चिनी इतिहासग्रंथात इ.स.पू. 548 मधल्या एका प्रसंगाच्या संदर्भात त्याचा उल्लेख येतो. हबेई प्रांतात वांगदू येथे हान काळातल्या एका कबरीत दगडी पट सापडला, त्यावर सतरा बाय सतरा रेघा आहेत. हनान प्रांतात आन्यांग येथे सापडलेला इ.स. 595 चा पट मात्र आजच्यासारखा एकोणीस रेघांचा आहे. पुढे वाद्य, सुलेखन आणि चित्रकला यांच्या जोडीने वेइची ही सुशिक्षित माणसाच्या चार कलांपैकी एक मानली गेली.

कन्फ्यूशियसने या खेळाची स्तुती केली ती हातचे राखूनच. पोटभर खाऊन दिवसभर रिकामे बसण्यापेक्षा हे खेळ खेळलेले बरे, एवढेच त्याचे म्हणणे. आमच्यासारख्या शिक्षकांना मेन्सियसचा दाखला जास्त जवळचा वाटतो. यीच्यू नावाच्या निष्णात उस्तादाकडे दोन शागिर्द शिकत असतात. एक जीव लावून ऐकतो. दुसऱ्याचे लक्ष आकाशाकडे, कधी हंस येईल आणि कधी बाण सोडीन. दोघे एकाच उस्तादाकडे शिकूनही सारखे शिकत नाहीत. मेन्सियस विचारतो, हा अकलेचा फरक आहे का? आणि उत्तर देतो, नाही. हा प्रश्न आपण जपून ठेवू. पुढे लागणार आहे.

आपल्या परंपरेतही खेळ हा विषय फुकाचा मानलेला नाही. शतरंज जायज की नाजायज यावर फकीहांनी पानेच्या पाने लिहिली. हनफी आणि मालिकी उलेमांनी कडक भूमिका घेतली. इमाम शाफईंच्या मजहबात, ज्याला कोकणातले आपले बहुतेक भाऊबंद मानतात, तो अटींवर सोसला गेला: जुगार नको, नमाज चुकायला नको, तोंडून वाईटसाईट निघायला नको. ही चर्चा चालू असताना अब्बासी खलिफांच्या दरबारात अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारखे निष्णात शतरंजबाज शतरंजवर किताबे लिहीत होते. त्या परंपरेत खेळाडूंचे दर्जे पाडलेले होते आणि वरच्या दर्जाच्या खेळाडूने खालच्याशी खेळताना आपला कोणता मोहरा आधीच पटावरून काढून ठेवायचा, हेही ठरलेले होते. म्हणजे असमानांमध्ये डाव रंगावा यासाठी बलवानाने आपले बळ मोजून कमी करायचे, ही कल्पना बगदादलाही ठाऊक होती.

गोमध्ये ही कल्पना फार पुढे गेली. तिथे सवलतीचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक समजून घेतला की आपला अर्धा प्रश्न सुटतो.

पहिला प्रकार खड्यांचा. नवखा आणि मुरलेला खेळाडू समोरासमोर बसले, तर डाव सुरू होण्यापूर्वीच नवख्याला दोनपासून नऊपर्यंत खडे पटावर मांडू देतात. पटावर त्यासाठी नऊ ठिपकेच काढलेले असतात. दुसरा प्रकार गुणांचा, त्याला जपानी भाषेत कोमी म्हणतात. दोन्ही खेळाडू तोलामोलाचे असले तरी पहिली चाल काळ्याची असते आणि जो आधी सुरुवात करतो त्याला फायदा होतो. तो फायदा फेडण्यासाठी पांढऱ्याच्या खात्यात शेवटी काही गुण जमा करतात. आज जपान आणि कोरियात हे माप साडेसहा गुणांचे आहे, चीनमध्ये साडेसातांचे. अर्धा गुण एवढ्यासाठी, की डाव बरोबरीत सुटू नये.

फरक लक्षात घ्या. पहिली सवलत माणसाच्या उणिवेसाठी आहे. दुसरी माणसाच्या उणिवेसाठी नाहीच. ती व्यवस्थेच्या उणिवेसाठी आहे. पांढरा खेळाडू कमजोर म्हणून त्याला साडेसहा गुण मिळत नाहीत. पटाचा नियमच एका बाजूला झुकलेला आहे, म्हणून मिळतात. उद्या तोच खेळाडू काळे खडे घेऊन बसला तर त्याला तेवढेच द्यावे लागतील. यात कोण कोणावर उपकार करतो?

पण ही साधी गोष्ट मान्य व्हायला शेकडो वर्षे जावी लागली. जपानमध्ये तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत गोची चार घराणी होती: होनिनबो, इनोउए, यासुई आणि हायाशी. दरवर्षी शोगुनच्या वाड्यात त्यांचे मानाचे डाव होत. होनिनबो घराण्यातला शुसाकू (1829–1862) या वाड्यातल्या डावांत 1849 ते 1861 या काळात सलग 19 वेळा जिंकला. एका डावानंतर त्याला निकाल विचारला तेव्हा, माझ्याकडे काळे खडे होते, एवढेच तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. तिचा अर्थ सहसा आत्मविश्वास असा लावतात. आम्हाला त्यात आणखी काही ऐकू येते. पहिली चाल ज्याची त्याचे पारडे जड, हे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूलाही ठाऊक होते आणि ते बोलून दाखवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्या यशात आपल्या जागेचा वाटा किती, हे सांगणारे यशवंत आपण किती पाहिले आहेत?

त्या काळी कोमी नव्हती. खेळाडू सामन्यात आळीपाळीने रंग बदलत आणि वडीलधारा खेळाडू पांढरे घेऊन आपली ज्येष्ठता दाखवी. पुढे वर्तमानपत्रांच्या पुरस्काराने स्पर्धा सुरू झाल्या, एकाच डावावर निकाल लागू लागला आणि जुनी तडजोड पुरेना. या संधिकाळातला एक डाव प्रसिद्ध आहे. 1938 मध्ये होनिनबो घराण्याचा शेवटचा वंशपरंपरेचा प्रमुख शुसाई याने आपला निवृत्तीचा डाव तरुण कितानी मिनोरूशी खेळला. डाव जूनमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये संपला. कावाबाता यासुनारी, ज्यांना पुढे 1968 मध्ये नोबेल मिळाले, त्या डावाची वार्तापत्रे लिहीत होते. त्यावर त्यांनी कादंबरीही लिहिली. शुसाईकडे पांढरे खडे होते, कोमी नव्हती, आणि तो पाच गुणांनी हरला.

पाच गुण! आजच्या साडेसहाच्या मापाने हिशेब केला तर म्हातारा दीड गुणाने जिंकतो. अर्थात असा हिशेब करणे पूर्णपणे बरोबर नाही. कोमी असती तर कितानीही वेगळा खेळला असता. पण एवढे तर सिद्ध होते, की ज्याला आपण गुणवत्तेचा शुद्ध निकाल म्हणतो, त्याच्या पोटात नियमाचा झुकाव लपलेला असू शकतो आणि तो निकालाच्या फरकाहून मोठाही असू शकतो.

1939 मध्ये होनिनबो हा किताब स्पर्धेने द्यायला सुरुवात झाली आणि तिथे कोमी आली. जुन्या वळणाच्या खेळाडूंना ते रुचले नाही. पटाबाहेरून आणलेल्या गुणांनी ठरणारा डाव त्यांना डाव वाटेना. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. 'गुणवत्ता' या शब्दाच्या नावाने तो रोज आपल्या कानावर पडतो. गोच्या जगाने त्याला उत्तर वादाने दिले नाही, मोजून दिले. हजारो डावांच्या नोंदी पाहिल्या. साडेचार गुण देऊनही काळा जास्त जिंकतो असे दिसले, म्हणून साडेपाच केले. तरीही काळ्याचेच विजय अर्ध्यावर राहिले, म्हणून या शतकाच्या सुरुवातीला जपानने साडेसहा केले. आता संगणक सांगतात की चीनच्या साडेसात गुणांच्या मापात पारडे किंचित पांढऱ्याकडे झुकते. म्हणजे इन्साफ करतानाही हात थोडा जास्त पडू शकतो. त्यावरचा उपाय माप फेकून देणे हा नाही. पुन्हा मोजणे हा आहे.

मापाची ही गोष्ट मुसलमान वाचकाला नवी वाटू नये. मापात मारणाऱ्यांना इशारा देऊन सुरू होणारी एक सूरत कुरआनात आहे आणि तिचे नावच त्या लोकांवरून पडले आहे. जकातीचेही तसेच. संपत्तीचा चाळिसावा हिस्सा ही मालदाराच्या मनाची लहर नाही, तो ठरलेला हिस्सा आहे, आणि गरजवंताचा त्यावर हक्क आहे. सदका द्यावा की न द्यावा, किती द्यावा, हे देणाऱ्याच्या दिलावर. जकात दिलावर सोडलेली नाही. ती हिशेबाने निघते म्हणूनच घेणाऱ्याची मान खाली जाण्याचे कारण उरत नाही. कोमी ही गोच्या पटावरची जकात आहे असे म्हटले तर ते फार ताणल्यासारखे होणार नाही. मोजलेली, जाहीर, दोघांनाही आधी माहीत असलेली आणि म्हणूनच कुणालाही न लाजवणारी.

जुम्याच्या खुत्ब्यात अद्ल आणि एहसान हे दोन शब्द एकापाठोपाठ येतात. आपण ते इतक्यांदा ऐकतो की त्यांचा क्रम मनात ठसत नाही. आधी अद्ल, मग एहसान. आधी ज्याचे त्याला द्या, मग आपल्या पदरचे. आपल्या सार्वजनिक बोलण्यात मात्र उलटे झाले आहे: अद्ल म्हणून जे द्यायला हवे तेच एहसान म्हणून दिले जाते आणि वर कृतज्ञतेची अपेक्षा ठेवली जाते.

मग खड्यांच्या सवलतीचे काय? ती तर उणिवेसाठीच आहे. तिथे एहसान म्हणायला जागा आहे, पण गोच्या खेळाडूंनी तिलाही शिस्त लावली आहे. ही सवलत उघड असते. खडे भर पटावर मांडलेले असतात. तिने मिळालेला विजय हा विजयच असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती कमी होत जाण्यासाठी असते. शागिर्द जिंकू लागला की एक खडा काढून घेतात. नऊचे आठ, आठाचे सात. शेवटी काहीच नाही. 1846 मध्ये ओसाकात इनोउए घराण्याचा प्रमुख गेन्नान इन्सेकी कोवळ्या शुसाकूशी खेळायला बसला, तेव्हा दर्जातल्या अंतरामुळे शुसाकूला दोन खडे दिले होते. डाव अर्ध्यावर आला आणि गेन्नानला कळून चुकले, की या पोराला दोन खड्यांची गरज नाही. त्याने तो डाव थांबवला आणि नवा डाव फक्त काळ्या खड्यांच्या पहिल्या चालीवर सुरू केला. त्या नव्या डावात शुसाकूने जी चाल केली, तिने गेन्नानचे कान लाल झाले असे सांगतात, आणि डाव त्याच नावाने इतिहासात राहिला. लोक त्या चालीबद्दल बोलतात. आम्हाला वाटते, सोडून दिलेल्या पहिल्या डावाबद्दलही बोलायला हवे. समोरचा वाढला आहे हे कबूल करायलाही मोठे मन लागते.

सवलतीने माणूस आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. इथे मेन्सियसचे दोन शागिर्द आठवावेत. हंसाकडे पाहणाऱ्याला नऊ खडे दिले तरी तो हरेल. खडे खेळत नाहीत, खेळतो माणूस. सवलत लक्ष देऊ शकत नाही, फक्त लक्ष दिल्याचे फळ दिसेल एवढी जागा देते. शंभर टक्के पराभव ठरलेला असेल तर लक्ष देणाऱ्यालाही एक दिवस आकाशाकडेच पाहावेसे वाटेल. म्हणून घेणाऱ्यावरही एक फर्ज येते. दोन खडे घेतले तर ते एकावर आणायचे, ही ती फर्ज. आपल्या समाजात या फर्जबद्दल बोलायला आपण कचरतो. आपला हक्क कमी होईल अशी भीती वाटते. ती भीती खोटी आहे. ज्याला आपला हक्क ठाम माहीत असतो तोच आपली फर्ज मोकळेपणी मान्य करू शकतो.

आणि सवलत घेण्यात लाज आहे का? दक्षिण कोरियाचा ली सेदोल हा जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. मार्च 2016 मध्ये सोलमध्ये आल्फागो या संगणक प्रणालीने त्याला 4-1 ने हरवले. चौथा डाव त्याने जिंकला, आणि त्यातली 78 वी चाल अजून सांगितली जाते. 2017 मध्ये चीनच्या वूझेन येथे को जी हाही त्याच प्रणालीसमोर तिन्ही डाव हरला. नोव्हेंबर 2019 मध्ये ली सेदोलने निवृत्ती जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये हानदोल या कोरियन प्रणालीशी निरोपाचे तीन डाव खेळला. पहिल्या डावात त्याने दोन खड्यांची सवलत घेतली आणि जिंकला. दुसरा डाव बरोबरीने खेळला आणि हरला. तिसऱ्यात पुन्हा दोन खडे घेऊनही हरला. ज्याने आयुष्यभर समोरच्याला झुकवले, त्याने देशासमोर दोन खडे मागून घेतले. त्याची उंची त्याने इंचभरही कमी झाली नाही. आज सर्वांत वरचा माणूसही कुणाच्या तरी खाली आहे, हे यंत्राने दाखवून दिले. सवलत घेणारे 'ते' आणि देणारे 'आम्ही' ही वाटणी त्यामुळे कायमची नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे. चीनची रुई नाईवेई ही नववा, म्हणजे सर्वोच्च दर्जा मिळवणारी पहिली स्त्री. हा दर्जा तिला 1988 मध्ये मिळाला. त्यानंतर मायदेश सोडून ती अनेक वर्षे भटकली; जपानमध्ये तिला व्यावसायिक सामने खेळता आले नाहीत. 1999 मध्ये कोरियाने दार उघडले. दुसऱ्याच वर्षी, 2000 मध्ये, तिने ली छांग-हो आणि चो हून-ह्युन या दोन दिग्गजांना हरवून कोरियाचा गुकसू हा मानाचा किताब जिंकला. तिला एकही खडा नको होता, एकही गुण नको होता. तिला फक्त पटासमोर बसायला जागा हवी होती. सवलतीवर तावातावाने बोलणारे अनेकदा हे विसरतात, की काहींना अजून बसायलाच मिळालेले नाही. दार बंद ठेवायचे आणि आतल्यांची गुणवत्ता मोजायची, याला स्पर्धा म्हणत नाहीत.

उपमा कुठे थांबते तेही सांगायला हवे. पटावर डाव संपला की खडे डब्यात जातात आणि नवा डाव कोऱ्या पटावर सुरू होतो. समाजात पट कधीच कोरा होत नाही. बापाचा हरलेला डाव जिथे थांबला, तिथून मुलाला खेळावे लागते. म्हणून समाजातले माप पटावरच्या मापाहून अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून मोजूच नये, असे होत नाही. 2006 चा सच्चर समितीचा अहवाल हे असेच एक मोजणे होते. त्याच्या निष्कर्षांवर वाद घालता येईल. पण आकडे समोर आल्यावर आपण न मोजलेल्या तक्रारीकडून मोजलेल्या प्रश्नाकडे आलो, हे नाकारता येणार नाही.

उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावीला विज्ञानाच्या वर्गात जाते तेव्हा तिला प्रमेय येत असते, प्रमेयाचे इंग्रजी नाव येत नसते. पहिले काही महिने ती दोन गोष्टी शिकते, बाकीचे एक. तिच्यासाठी संज्ञांची द्विभाषिक यादी आणि काही जादा तास मागितले, की कुणीतरी म्हणतो, 'स्पर्धेच्या युगात किती दिवस कुबड्या?' ही कुबडी नाही. ही कोमी आहे. पहिली चाल तिची नव्हती, एवढेच त्या जादा तासांनी मान्य केले जाते. पुढचा डाव तिलाच खेळायचा आहे, आणि तो तिने चांगला खेळला नाही तर हरण्याचा हक्कही तिचाच आहे.

शुसाकू चौतिसाव्या वर्षी गेला. 1862 मध्ये एदो शहरात पटकीची साथ आली. होनिनबो घराण्यातल्या आजारी माणसांची शुश्रूषा करताना त्यालाही तिने गाठले. पटावर त्याने आयुष्यभर गुण मोजले, पण आजाऱ्याच्या उशाशी बसताना मोजले नाहीत. जिथे अद्ल पुरा होतो तिथून एहसान सुरू होतो तो असा. आपण मात्र अजून अलीकडेच आहोत. एहसानाची भाषा बोलण्याआधी आपल्याला साडेसहा गुणांचा हिशेब चुकता करायचा आहे: इतरांनी आपल्याशी, आणि आपल्यातल्या मागे राहिलेल्यांशी, आपल्याच घरातल्या लेकीबाळींशी, आपण.